सोलापुरात स्टॅफर्डशायरच्या जुन्या मूर्ती बघायच्या असतील तर हे दुकान

मंगळवार पेठेतल्या त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात लोक पितळी घंगाळं, चिनीमातीच्या बरण्या असलं काय काय घ्यायला जातात, पण आतल्या खोलीत काचेच्या कपाटात इंग्लंडच्या जुन्या मातीच्या मूर्ती आहेत हे फार जणांना माहीतच नाही, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. बसलेल्या कुत्र्यांच्या जोड्या, स्कॉटिश वेशातली जोडपी, घोड्यावरचे सेनापती, मेंढपाळ. हा सगळा माल स्टॅफर्डशायरचा, म्हणजे बर्स्लेम, हॅन्ली, लाँगटन वगैरे कुंभारकामाची सहा गावं होती तिकडचा (1910 साली ती सहा एकत्र करून स्टोक-ऑन-ट्रेंट झालं). मालककाका मुंबईच्या चोर बाजारातून आणतात आणि जुन्या बंगल्यांचं सामान विकायला निघतं त्यातूनही काही पीस येतात म्हणाले.

कपाटासमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, राणीच्या काळातलं आहे, राजवाड्यात असेल. काळ राणी व्हिक्टोरियाचा खरा, पण राजवाड्यातलं अजिबात नाहीये. हे खाणीत नाहीतर गिरणीत राबणाऱ्या साध्या माणसांच्या घरातलं काम आहे, आपण दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतो ना, साच्यातून काढलेले, चार ब्रशात रंगवलेले, बाजारात ढिगाने विकले जाणारे, त्याच जातीचं. साधारण 1840 नंतर सपाट पाठीच्या मूर्ती जोरात निघाल्या, कारण त्या शेकोटीच्या वरच्या फळीवर भिंतीला टेकून ठेवायच्या, पाठ कुणी बघणारच नाही तर तिला आकार कशाला आणि रंग कशाला. साच्यात माती दाबायची, जोडायची, भाजायची, रंगवायची, आणि या कामावर लहान लहान पोरंसुद्धा असायची. करणाऱ्याचं नाव बहुतेक मूर्तींवर नसतंच. म्हणून मला ही लोककला वाटते, आणि तशीच बघितली तर खरी मजा येते.

काकांनी एक कुत्र्यांची जोडी हातात दिली, "बघा की ओ, हात लावून बघा, बघायचे पैसे नाही पडत." पांढरं अंग, कानावर तांबूस ठिपके, गळ्यात सोनेरी साखळी आणि तिला कुलूप. पुढचा एक पाय अंगापासून सुटा, मध्ये फट दिसते, हा पाय वेगळा करून जोडावा लागतो म्हणजे मेहनत जास्त, स्वस्तातल्या जोडीत तो अंगालाच चिकटलेला असतो. डोळे बघा, एका कुत्र्याची भुवई उंच आणि दुसऱ्याची जरा खाली, रंगवणाऱ्या हाताने भरभर फटकारा मारलाय आणि त्यानेच दोघांचे चेहरे वेगवेगळे झालेत. मी तर बराच वेळ तेच बघत बसले.

यातल्या गोष्टीही फार भारी आहेत. चेहरा हुबेहूब करायचा हट्टच नव्हता, पेपरातलं किंवा पुस्तकातलं छापील चित्र बघून मूर्ती करायचे आणि नाव बदलून तोच साचा परत चालवायचे, बेंजामिन फ्रँकलिनची मूर्ती आणि खाली लिहिलंय वॉशिंग्टन, असे पीस आजही संग्रहात आहेत. घड्याळ परवडत नाही म्हणून मधोमध घड्याळाची नुसती रंगवलेली तबकडी असलेल्या मूर्ती निघाल्या, असा एक पीस या दुकानातपण आहे, काटे कायमचे एकाच जागी, तो मला सगळ्यात आवडला. आणि आपल्याकडच्या घटनासुद्धा तिथं पोचल्या. 1792 मध्ये बंगालच्या सागर बेटावर ह्यू मन्रो नावाच्या तरुण इंग्रजाला वाघाने मारलं, पुढे टिपू सुलतानाचा तो माणसावर बसलेला लाकडी वाघ लंडनला नेऊन 1808 पासून लोकांना दाखवायला ठेवला, आणि स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी वाघाच्या जबड्यात माणसाचं डोकं अशी मूर्ती केली. 1857 नंतर हॅवलॉक, कॅम्पबेल, हे इंग्रजांचे सेनापती आणि लखनौच्या वेढ्याच्या गोष्टीतली हायलँड जेसी नावाची स्कॉटिश बाई यांच्याही मूर्ती निघाल्या. आपल्याला ते सेनापती आवडायचं काही कारण नाही, पण तिकडच्या साध्या घरात आपल्या देशाची काय बातमी पोचत होती ते यातून कळतं, त्यासाठी तरी बघाव्यात. ब्रायटनच्या म्युझियममध्ये हेन्री विलेटचा संग्रह आहे, त्याने तर मातीच्या भांड्यांतून आणि मूर्तींतूनच लोकांचा इतिहास मांडला.

आता खरेदीचं. डुप्लिकेट खूप आहेत, जगभर आहेत. जुनी मूर्ती साच्यात दाबून केलेली, हाताला वजनदार लागते आणि हवा जायला बारीकसं छिद्र असतं, पातळ माती ओतून केलेल्या नव्या मूर्तीच्या बुडाला बऱ्याचदा बोट जाईल एवढं भोक असतं आणि ती हलकी लागते. ग्लेझवरच्या, म्हणजे मूर्तीवरच्या काचेसारख्या थरावरच्या, बारीक भेगा सगळीकडे एकसारख्या आणि चहात बुडवल्यासारख्या काळपट असतील तर संशय घ्या. सोनेरी रंग आरशासारखा चकचकीत असेल तर 1880 च्या आधीचा नसणार, जुनं सोनं मऊसर असतं, झिजलेलं असतं. शिवाय विल्यम केंट नावाची बर्स्लेमची कंपनी जुन्याच साच्यांतून 1962 पर्यंत मूर्ती काढत होती, त्या डुप्लिकेट नाहीत पण व्हिक्टोरियन म्हणून त्यांना पैसे मोजू नका.

या दुकानात जुने आणि नवे पीस एकाच फळीवर ठेवलेत, चिठ्ठी नाही, किंमत लिहिलेली नाही, हे मला अजिबात पटलं नाही. विचारलं की काका खरं सांगतात, "हे नवीनच आहे हो मॅडम," पण न विचारणाऱ्याचं काय? एका घोडेस्वाराच्या टोपीवर कुणीतरी नवा सोनेरी रंग फासलाय तो तर बघवत नाही, टवका उडालेला असता तरी चाललं असतं. आतल्या खोलीत उजेड कमी, मूर्ती दारापाशी आणून बघा, काका नाही म्हणत नाहीत. भाव होतो, पण जोडी मोडून एकच कुत्रा देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पॅकिंगला पेपरात गुंडाळून देतात, ते काही पुरत नाही, घरून जुनी चादर घेऊन जा आणि दोन्ही मूर्ती वेगवेगळ्या गुंडाळा, कान आणि पुढचा पाय सगळ्यात आधी तुटतो.