हनोईत पाच लाखांची नोट वीस हजारांची होते तेव्हा

व्हिएतनामला पाठीवर बॅग टाकून निघणाऱ्यांनी हे विमानात बसण्याआधी वाचावं. हनोईत उतरल्यावर माझे पाच लाख डोंग (डोंग हे तिथलं चलन) गेले. रक्कम काही आयुष्य बुडवणारी नव्हती, पण ती ज्या तऱ्हेने काढून घेतली गेली त्याचा मला अजून संताप येतो. फसवणारे टॅक्सीवाले नवख्या प्रवाशाला शहरात पोचल्यावर पहिल्या तास-दोन तासांत गाठतात, कारण तेव्हा आपण भांबावलेले असतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

नोई बाई विमानतळ शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. मी शनिवारी संध्याकाळी उतरले. बाहेर एका टॅक्सीवाल्याने जुन्या शहरापर्यंत 'थ्री फिफ्टी' सांगितले. तिथे बोलताना शेवटची तीन शून्यं सर्रास गाळतात, म्हणजे हे झाले साडेतीन लाख डोंग. भाडं वाजवी वाटलं, ठरलं. वाटेत तो अगदी गोड बोलत होता.

मग जुनं शहर आलं, आणि तिथल्या गर्दीबद्दल मी कितीही वाचलेलं असलं तरी ती अंगावर आली. देशाची लोकसंख्या २०२३ मध्ये दहा कोटींवर गेली, आणि त्यातले निम्मे लोक त्या संध्याकाळी दुचाकीवर निघाले असावेत असं वाटत होतं. एका स्कूटरवर आई-बाप आणि दोन मुलं, दुसरीवर माणसापेक्षा उंच खोक्यांचा ढीग. फुटपाथ आहेत, पण त्यांवर गाड्या लावलेल्या आणि उरलेल्या जागेत प्लास्टिकची बुटकी स्टुलं मांडून लोक जेवत बसलेले. चालणाऱ्याला रस्त्यावरच उतरावं लागतं. हॉर्न सतत, आणि तो रागाने वाजवलेला नसतो, 'मी येतोय' एवढंच सांगायला असतो. हे कळायला मला वेळ लागला. त्या संध्याकाळी मात्र प्रत्येक हॉर्न माझ्यावरच ओरडतोय असं वाटत होतं.

होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत वाहनांना बंद असतात. त्यामुळे हॉटेलच्या अलीकडेच एका अरुंद गल्लीत त्याने गाडी थांबवली. 'रस्ता बंद आहे' हे खरंच होतं, आणि खऱ्या कारणाच्या आडून पुढचं खोटं सहज खपून जातं. मी पाच लाखांची नोट दिली. तो सुटे शोधायला खाली वाकला, वर आला तेव्हा त्याच्या हातात वीस हजारांची नोट होती. 'मॅडम, तुम्ही हे दिलंत.' चेहरा इतका निरागस की क्षणभर मलाच माझ्या डोळ्यांची खात्री वाटेना. मी ठाम नाही म्हटलं. त्याने आवाज चढवला. मागे दुचाकींची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, आणि माझी मोठी बॅग त्याच्या डिकीत होती. मी दुसरी पाच लाखांची नोट दिली, त्याने दीड लाख परत केले, बॅग रस्त्यावर ठेवली आणि निघून गेला.

आता नोटांचं सांगते, कारण हा सगळा खेळ त्यांच्यावरच चालतो. दहा हजारांपासून पुढच्या सगळ्या नोटा प्लास्टिकच्या, सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा, आणि वीस हजार व पाच लाख या दोन्ही निळ्या. किमतीत पंचवीस पटींचा फरक, लांबीत मात्र जेमतेम दीड सेंटिमीटरचा. अंधाऱ्या गाडीत तो दिसत नाही. मागची बाजू बघा: वीस हजारांवर होई आनचा छप्पर असलेला पूल आहे, पाच लाखांवर हो ची मिन्ह यांच्या गावचं घर. या दोन निळ्या नोटा पाकिटात एकत्र ठेवूच नका. देताना नोट पूर्ण उघडून आकडा मोठ्याने म्हणा आणि समोरच्यानेही तो म्हणेपर्यंत ती हातातून सोडू नका. त्याहून बरं म्हणजे विमानतळावर सिमकार्ड घेतानाच मोठी नोट मोडून घ्या आणि भाडं मोजून तेवढंच द्या.

खरं तर टॅक्सीची गरजच नव्हती. विमानतळावरून जुन्या शहराकडे ८६ क्रमांकाची बस जाते. उशिरा पोचलात तर ग्रॅबसारख्या ॲपवरून गाडी बोलवा, त्यात भाडं आधी दिसतं आणि कार्डाने देता येतं. मात्र ॲपवाल्यांचं जाकीट घालून 'चला, सोडतो' म्हणणारेही भेटतात. गाडीचा नंबर फोनवरच्या नंबराशी जुळत नसेल तर बसू नका.

हीच युक्ती वेगवेगळ्या रूपात पुढेही भेटते. तळ्याजवळ फळांची कावड घेतलेली बाई हसत कावड तुमच्या खांद्यावर ठेवते, डोक्यावर शंकूसारखी टोपी घालते आणि फोटो झाला की पैसे मागते. कुणी न विचारता तुमच्या चपलेला गोंद लावायला बसतो. सायकलरिक्षावाला 'हंड्रेड' म्हणतो आणि उतरल्यावर ते माणशी होतं. तिथे रक्कम सगळी शून्यं मांडून कागदावर लिहून घ्या.

पण म्हणून प्रत्येकाकडे संशयाने बघू नका. दुसऱ्याच दिवशी फो, म्हणजे नूडल्सचं सूप, विकणाऱ्या एका बाईने मी चुकून जास्त दिलेली नोट माझ्या हातात परत कोंबली. फसवणारे थोडे असतात आणि नेमके विमानतळ, तळं, स्टेशन अशा ठिकाणी उभे असतात.

तरीही असा प्रसंग आलाच, तर गाडीतून उतरू नका. फोन काढून गाडीच्या नंबराचा आणि चालकाच्या ओळखपत्राचा फोटो घ्या, आणि पोलिसांचा ११३ क्रमांक त्याच्यासमोर लावा. हॉटेलचा पत्ता व्हिएतनामी भाषेत लिहिलेला आणि हॉटेलचा फोन नंबर जवळ ठेवा, म्हणजे तिथला माणूस त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलेल. आणि बॅग डिकीत ठेवू देऊ नका, स्वतःच्या शेजारी सीटवर घ्या.