बालपणीच्या आघाताचे न्यायालयीन मूल्यमापन: घेतलेल्या सेवेविषयी अभिप्राय

नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी वकिलांच्या सल्ल्याने मी एका खासगी केंद्रातून मानसशास्त्रीय मूल्यमापन करून घेतले. लहानपणी घरातच सोसलेल्या मारहाणीला आता तीन दशके उलटली असली, तरी झोपेवर, कामावर आणि माणसांवरच्या विश्वासावर तिची पडलेली छाया गेलेली नाही. ती न्यायालयाला समजेल अशा भाषेत कागदावर यावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

मूल्यमापन करणारा तज्ज्ञ उपचार करत नाही, त्याला सांगितलेले गुप्त राहीलच असे नाही आणि अहवाल माझ्याविरुद्धही जाऊ शकतो, हे केंद्राने पहिल्याच भेटीत लेखी दिले. अहवाल माझ्या समुपदेशकांनीच लिहावा, असा माझा हट्ट होता. परंतु जो आपल्या बाजूने ऐकतो, त्याची तटस्थता उलटतपासणीत टिकत नाही, हे तज्ज्ञांनी शांतपणे पटवून दिले.

मुलाखत कसून झाली. दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासता का, या प्रश्नावर मी ‘कधीकधी’ म्हणाले, तेव्हा त्यांनी कालच्या रात्रीपुरतेच आठवायला सांगितले; आम्ही दोघींनी मोजले, तर सात वेळा भरले. अहवालात ‘सतत भयग्रस्त’ असे मोघम न लिहिता हा तपशीलच आला. २०२२पासून लागू असलेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जटिल पीटीएसडीचे, म्हणजे बहुधा दीर्घ वा वारंवारच्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराचे, स्वतंत्र निदान आहे. भावनांवर ताबा न राहणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि नाती टिकवता न येणे या त्यातील तिन्ही गोष्टी त्यांनी माझ्या आयुष्यातील प्रसंगांशी जोडून दाखवल्या. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची दहा प्रश्नांची प्रश्नावलीही भरून घेतली, मात्र तिचे गुण समूहातील धोका दाखवतात, एका व्यक्तीचे नुकसान सिद्ध करत नाहीत, हे अहवालात नमूद करून त्यांनी निष्कर्षाचा भार तिच्यावर टाकला नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

अहवालाचा खरा कस कार्यकारणसंबंधात लागतो. निदान झाले म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे; म्हणून शाळेची प्रगतिपुस्तके, जुनी वैद्यकीय कागदपत्रे आणि बहिणीचे निवेदन पडताळून, माझा घटस्फोट व नंतरचे आजारपण यांचा वाटा किती, हेही त्यांनी वेगळे मांडले. ते वाचताना त्रास झाला, पण विरुद्ध बाजूचे वकील नेमके तेच विचारणार होते.

तक्रार आहे ती दुसऱ्या मुलाखतीविषयी. त्या दिवशीच्या सहायक तज्ज्ञांनी एकाच घटनेची तारीख तीनदा विचारली आणि सलग अडीच तासांत एकदाही विश्रांती दिली नाही. सात वर्षांच्या मुलीला मार आठवतो, स्वयंपाकघरातल्या फरशीचा गारवा आठवतो, तारीख आठवत नाही. हे या क्षेत्रातल्या माणसाला सांगावे लागू नये. मुलाखतीनंतर चौकशीचा साधा फोनही आला नाही.

अहवालासाठी हे केंद्र मी निःशंकपणे सुचवेन, मात्र एकटीने जाऊ नये. त्या दुसऱ्या मुलाखतीनंतर गाडी सुरू करण्याइतके हात स्थिर व्हायला मला तासभर लागला होता.