इंटरनेट फोनसाठी कॉर्डलेस: गोव्यातल्या घरात कोणता संच चालतो

दुकानात जाण्याआधी भिंतीवरचा ओएनटी, म्हणजे फायबरवाल्याने बसवलेला तो पांढरा डबा, उलटसुलट करून पाहा. ‘फोन’, ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ असे लिहिलेले एक छोटे पोर्ट मागे दिसेल. ते नेटवर्कच्या पोर्टापेक्षा अरुंद असते आणि त्यात लँडलाइनची जुनीच आरजे११ पिन बसते. बीएसएनएल, जिओ, एअरटेल यांच्या घरगुती फायबर जोडणीत बहुधा ते असतेच. तसे असेल तर ‘इंटरनेट फोन’ नावाचा महागडा संच घेण्याचे काही कारण नाही. आवाजाचे इंटरनेटात रूपांतर ओएनटीच करतो. त्याला हवा असतो तो लँडलाइनचा साधा कॉर्डलेस.

नेमकी इथेच चुकीची खरेदी होते. ग्रँडस्ट्रीमचा डीपी७५० बेस (मुख्य डबा) आणि डीपी७२० हँडसेट (हातातला फोन) ही जोडी उत्तम आहे. एका बेसवर पाच हँडसेट चालतात, आवाज स्वच्छ असतो, हँडसेटला हेडफोनचे ३.५ मिमी छिद्रही आहे. यीलिंकचा डब्ल्यू७३पी त्याहून वरचा, दहा हँडसेटांपर्यंत जाणारा. पण या दोन्हींना एसआयपी (इंटरनेटवरून फोन जोडण्याची पद्धत) खात्याचे नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता भरावा लागतो, आणि घरगुती योजनेत कंपनी हा तपशील सहसा ग्राहकाच्या हाती देत नाही. मग संच शोभेचा होतो. परवानाधारक सेवादाराचे एसआयपी खाते असलेले गेस्ट हाउस, दवाखाना किंवा कार्यालय असेल तर मात्र ही जोडी नि:शंक घ्यावी, कारण दोघांचे फोन एकाच वेळी चालू राहू शकतात, आणि साध्या कॉर्डलेसला ते जमत नाही. एसआयपी खाते आहे आणि घरातला चांगला कॉर्डलेस टाकवत नाही, त्यांनी ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ मध्ये जोडावा. एका फोनपुरता हा छोटा अडॅप्टर ५ व्होल्टच्या मायक्रो यूएसबीवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी पॉवर बँकेवर तग धरतो.

आता घराकडे वळू. खोक्यावर ‘घरात ५० मीटर, उघड्यावर ३०० मीटर’ लिहिलेले असते. हा आकडा चिऱ्याच्या भिंतींसाठी नाही. जुन्या चिरेबंदी घरात जाड भिंती एकापाठोपाठ एक येतात, पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि ओली भिंत रेडिओलहरी आणखी शोषते. बेस पुढच्या खोलीत आणि हँडसेट मागच्या स्वयंपाकघरात, अशी मांडणी केली की आवाज तुटतो. बेस राजांगणाच्या कडेला किंवा घराच्या मधोमध ठेवावा, खांद्याच्या उंचीवर, फ्रिज आणि लोखंडी कपाटापासून दूर. ओएनटी दाराजवळच असेल तर ओएनटी न हलवता फोनची वायर लांबवा. दोन तारांची साधी टेलिफोन केबल घरातल्या घरात कितीही फिरवली तरी आवाजात फरक पडत नाही. फ्लॅटमध्ये ही अडचण जवळजवळ नसते.

जुनी लँडलाइनची वायर भिंतीत आहेच, तीच वापरू, हा विचार चांगला आहे; पण आधी बाहेरून खांबावरून येणारी तांब्याची जोडी जंक्शन बॉक्समध्ये पूर्ण तोडून वेगळी करा. एक्स्चेंजमधून त्या जोडीवर सुमारे ४८ व्होल्ट येत असतात, आणि ते ओएनटीच्या फोन पोर्टात शिरले तर पोर्ट जळते. वायर तोडल्यावर सगळे जुने सॉकेट उघडून पाहा. खाऱ्या हवेने हिरवे पडलेले स्क्रू बदला. फोनमधली खरखर पुष्कळदा या स्क्रूंमुळेच येते आणि दोष उगाच संचाला जातो.

संच निवडताना फ्रिक्वेन्सी वाचा. भारतात विकले जाणारे कितीतरी कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात. त्यात वाईट काही नाही, पण बेस राउटरला चिकटून ठेवू नका. निदान दीड-दोन मीटर अंतर असू द्या, आणि टीव्ही, लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ नावावर जोडून टाका. मायक्रोवेव्ह चालू असताना खरखर येत असेल तर बेसची जागा बदलणे हाच इलाज.

परदेशातून येणाऱ्या संचांबद्दल गोव्यात वेगळे सांगायलाच हवे, कारण इथे घरोघरी कोणी ना कोणी बाहेर आहे. डेक्ट हे कॉर्डलेसचे एक रेडिओ मानक आहे. अमेरिकेतला ‘डेक्ट ६.०’ संच १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो. आपल्याकडे तो पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे, त्यामुळे हा संच इथे लावूच नये. शिवाय त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असेल तर २३० व्होल्टवर पहिल्याच क्षणी जातो. युरोपातला डेक्ट वेगळ्या पट्ट्यातला, १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा असतो. इंग्लंडहून आलेल्या संचाची फोनची पिनही वेगळी असते, ती आरजे११मध्ये बसत नाही. वॉरंटीचा विचार केला तरी इथल्या बिलावर घेतलेला संच बरा.

पॅनासॉनिक, बीटेल, मोटोरोला, गिगासेट यांच्यात आमचा कल दोन हँडसेटांच्या संचाकडे आहे. नाव कुठलेही असो, तीन गोष्टी दुकानातच तपासा. कॉलर आयडी एफएसके आणि डीटीएमएफ या दोन्ही पद्धतींवर चालतो का, कारण ओएनटी कोणत्या पद्धतीने नंबर पाठवील याचा भरवसा नसतो. डायलिंग ‘टोन’वर आहे का, कारण ‘पल्स’वर असेल तर पुष्कळ ओएनटींना आकडे कळत नाहीत. आणि सेल साधे ट्रिपल ए आकाराचे आहेत का. कंपनीचा खास आकाराचा पॅक दोन वर्षांनी फोंड्यात किंवा म्हापशात शोधत फिरावे लागते. ट्रिपल ए असेल तर कुठेही १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड सेल मिळतात. घड्याळातले अल्कलाइन सेल मात्र कधीही घालू नयेत. चार्जवर ठेवले की ते फुटतात, गळतात. पहिल्यांदा हँडसेट रात्रभर चार्जवर ठेवा. समुद्राजवळच्या घरात चार्जिंगच्या पट्ट्यांवर महिन्या-दोन महिन्यांनी काळपट थर चढतो आणि ‘सेल गेला’ असे वाटू लागते. कोरड्या खोडरबराने पट्ट्या पुसा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागते.

विजेचा प्रश्न सर्वांत मोठा. तांब्याची लँडलाइन वीज नसतानाही वाजायची. इथे ओएनटी बंद पडला की फोन मुका होतो. ओएनटीचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो, त्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. विक्रेत्याच्या मिलीअँपिअर-अवरवर भुलू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो: ८८०० म्हणजे साधारण ३२ वॉट-तास. ओएनटी ८ वॉट घेत असेल तर घट धरून तीन तासांच्या वर काही मिळते. कॉर्डलेसच्या बेसचा अडॅप्टर वेगळ्या, कमी व्होल्टचा असतो. त्याला यूपीएसची १२ व्होल्टची पिन लावली तर बेस जळतो. त्यापेक्षा घरात तारेचा एक साधा संच ठेवा. त्याला ओएनटीकडूनच वीज मिळते, म्हणून यूपीएस असेपर्यंत तो चालतो. काही पॅनासॉनिक मॉडेलांत बेसवर ठेवलेला हँडसेट बेसला वीज पुरवतो आणि दुसऱ्या हँडसेटवरून बोलता येते. ही सोय मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यावेत. वाळपई, सांगे, काणकोणसारख्या भागांत पावसाळ्यात झाड पडून तासन्‌तास वीज जाते, तिथे तर नक्कीच.

मेमध्ये आणि परतीच्या पावसात कडकडाट होतो. काचेच्या तंतूतून विजेचा धक्का येत नाही, तो विजेच्या वायरीतून येतो. म्हणून ओएनटी आणि बेस दोन्ही सर्ज प्रोटेक्टरवर लावा, आणि घराचे अर्थिंग बरोबर आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टरचा फारसा उपयोग नाही.

आवाज तुटत असेल तर इंटरनेटचा वेग दोषी असतोच असे नाही. आवाज पाठवण्याच्या जी.७११ पद्धतीच्या एका कॉलला एका दिशेने जेमतेम ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. सीसीटीव्हीचे चित्रण इंटरनेटवरच्या साठ्यात (क्लाउडमध्ये) चढत असते, त्याने अपलोडची जागा भरते, आवाजाचे तुकडे (पॅकेट) उशिरा पोचतात आणि समोरच्याला आपले बोलणे तुटक ऐकू येते. कॅमेऱ्यांचा दर्जा थोडा उतरवा. स्वतःचा एचटी८०१ लावला असेल आणि एकाच बाजूचा आवाज येत असेल, तर राउटरमधली ‘एसआयपी एएलजी’ नावाची सेटिंग बंद करा.

नंबर भरताना लक्षात ठेवा: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. हँडसेटच्या फोनबुकात सगळे मोबाइल नंबर शून्यासकट साठवा. घरातल्या वयस्कर माणसांसाठी पहिल्या बटणावर ११२ ठेवा, दुसऱ्यावर रुग्णवाहिकेचा १०८.