पोटाची सीटी अँजिओ: जळगावच्या एका सेंटरचं काम कसं आहे

मशीन चांगलं, टेक्निशियन त्याहून चांगले, पण रिपोर्टात आकडे नाहीत. जळगावातल्या या सेंटरबद्दल थोडक्यात सांगायचं तर इतकंच. जेवलं की पोट दुखतं, दोन घासांत भरल्यासारखं होतं, वजन उतरत जातं आणि एंडोस्कोपी, सोनोग्राफी दोन्ही नॉर्मल येतात, अशा पेशंटला सीटी अँजिओ, म्हणजे शिरेतून डाय (रंगद्रव्य) सोडून रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, ही तपासणी सांगतात. पोटातली एखादी रक्तवाहिनी दबली आहे का, किंवा रक्तवाहिनीच आतड्याला दाबते आहे का, हे बघायचं असतं. हे निदान मोजमापावर उभं असतं, त्यामुळे आकडे नसणं ही किरकोळ उणीव नव्हे.

आधी तयारी. क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट नसेल तर इथे डाय देत नाहीत, हे योग्यच आहे. पेशंट हाताच्या पाठीवर लावलेली बारीक सुई घेऊन आला तर ती न वापरता कोपराजवळ 18 किंवा 20 नंबरची जाड सुई नवी लावतात. नातेवाईक कुरकुरतात, पण डाय सेकंदाला 4 ते 5 मिली वेगाने जाते. बारीक शीर तो जोर सोसत नाही, डाय बाहेर झिरपते आणि हात सुजतो. तोंडाने पांढरं औषध न देता साधं पाणी पाजतात, तेही बरोबर. जठर फुगतं आणि धमन्यांची चित्रं झाकोळत नाहीत.

पाण्याचा मुद्दा खानदेशात जास्तच महत्त्वाचा. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना पेशंट यावल-चोपड्याहून एसटीने येतो, उपाशी राहायचं म्हणून पाणीही पीत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की शिरा चपट्या दिसतात आणि डाव्या पायाकडून येणारी शीर दबली आहे असा खोटा संशय येतो. शिवाय डायचा ताण किडनीवर पडतो तो वेगळाच. अन्न बंद, पाणी चालू, हे सेंटरने फोनवरच स्पष्ट सांगायला हवं. सध्या नुसतं ‘उपाशी या’ म्हणतात.

श्वासाच्या बाबतीत मात्र यांचं काम बघण्यासारखं आहे. जठर-यकृताला रक्त नेणाऱ्या सीलिएक धमनीवरून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूचा एक पट्टा जातो. श्वास सोडला की तो धमनीला दाबतो, श्वास भरून घेतला की दाब सुटतो. मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज फक्त ‘श्वास घ्या, रोखा’ म्हणतो. इथले टेक्निशियन टेबलावर झोपवल्यावर तीन-चार वेळा सराव करून घेतात, गरज पडली तर अहिराणीत समजावतात, आणि कोणत्या श्वासात स्कॅन झाला ते नोंदवतात. श्वास सोडल्यावर थोडं दबणं निरोगी माणसातही दिसतं. श्वास भरूनही धमनीचं तोंड चिंचोळंच राहिलं, पुढे ती फुगलेली असली आणि बाजूच्या चित्रात आकडीसारखी वाकलेली दिसली, तर ते मनावर घ्यायचं.

आता रिपोर्ट. छापून येतं ते एवढंच: ‘महाधमनी व तिच्या शाखा नॉर्मल.’ आतड्याची मोठी धमनी, म्हणजे एसएमए, महाधमनीपासून किती अंशांनी निघते ते कुठेच नाही. साधारण 38 ते 65 अंश हा नेहमीचा कोन, दोघींमधलं अंतर 10 ते 28 मिमी. कोन 22-25 च्या खाली आणि अंतर 8 मिमीपेक्षा कमी असेल, तर मधून जाणारा ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याचा) तिसरा भाग अडकू शकतो. कोन बाजूच्या, म्हणजे सॅजिटल चित्रातच मोजावा लागतो. अंतर मात्र ड्युओडेनम जिथे ओलांडतो त्याच पातळीवर. महाधमनी वाकडी असेल तर चित्राचा प्रतल तिच्याबरोबर फिरवावा लागतो, नाहीतर कोन चुकतो.

आणि नुसता कोन बारीक म्हणून निदान होत नाही. सातपुड्यातल्या काटक माणसात, टीबीने खंगलेल्या पेशंटमध्ये दोन धमन्यांमधली चरबीच उरत नाही, त्यामुळे तक्रार नसतानाही कोन लहान दिसतो. जठर आणि अलीकडचं ड्युओडेनम फुगलंय का, हे रिपोर्टात लिहिलंच पाहिजे.

डाव्या किडनीची शीर दोन धमन्यांमधल्या याच फटीतून जाते. किडनीजवळ तिचा व्यास 10 मिमी आणि फटीत 2 मिमी असेल तर गुणोत्तर 5. जवळपास 4.9 च्या वर गेलं की नटक्रॅकरचा, म्हणजे ही शीर दोन धमन्यांत चिमटली जाण्याचा, संशय बळावतो. लघवीत रक्त किंवा डाव्या कुशीत दुखणं असेल तर शिरांचा फेज, म्हणजे डाय दिल्यावर साधारण 70 सेकंदांनी होणारा शिरांचा स्कॅन, मुद्दाम मागून घ्या. चिठ्ठीवर लिहिलं नसेल तर तो होत नाही.

इथल्या डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीवर, आमचा अजून भरवसा बसलेला नाही. सीलिएकमध्ये वेग सेकंदाला 200 सेंमीच्या वर गेला तर अरुंदपणाचा संशय घेतात, पण किरणाचा रक्तप्रवाहाशी कोन 60 अंशांपेक्षा जास्त ठेवला तर हाच आकडा खोटा फुगतो. छापलेल्या चित्रांवर तो कोन दिसतच नाही, आणि वेग श्वास घेऊन मोजला की सोडून, तेही नाही.

तक्रार केली तर सेंटर पुरवणी रिपोर्ट देतं, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. मागताना कोन, अंतर, शिरेच्या दोन्ही जागांचा व्यास आणि श्वासाची अवस्था, असं नेमकं लिहून द्या. फिल्म नका घेऊ, सीडी घ्या, आणि तीत 1 मिमी किंवा त्याहून पातळ काप आहेत ना, हे काउंटरवरच उघडून बघा. 5 मिमीचे काप नाशिक-मुंबईच्या सर्जनला पुन्हा मोजायला उपयोगी पडत नाहीत.