रास्पबेरी पाय ५ चा २७ वॉटचा अधिकृत अडॅप्टर : वापरानंतरचे मत

रास्पबेरी पाय ५ या एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकाला जोडलेली बाह्य एसएसडी (साठवणुकीची डिस्क) मोठ्या फाइली लिहिताना मध्येच नाहीशी होऊ लागली, तेव्हा मी आधी एसएसडीवर आणि मग तिच्या केबलवर संशय घेतला. अडॅप्टरचा विचारही मनात आला नाही, कारण तो लॅपटॉपचा ६५ वॉटचा होता. चूक नेमकी तिथेच होती. असा चार्जर आपली पूर्ण क्षमता २० व्होल्टवर देतो; ५ व्होल्टवर तो सहसा ३ अँपिअरच देतो आणि या बोर्डाला तर ५ व्होल्टच लागतात. ५ अँपिअर मिळणार नाहीत हे सुरू होतानाच कळले, की बोर्ड चारही यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. माझ्या एसएसडीला लिहिताना तेवढे पुरत नव्हते.

अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्टवर ५ अँपिअर देतो आणि ही मर्यादा १.६ अँपिअरवर जाते. तो लावल्यापासून एसएसडीची जोडणी एकदाही तुटलेली नाही. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहून मर्यादा उठवता येते हे खरे, पण त्याने चार्जरची ताकद वाढत नाही; म्हणून तो उपाय मी टाळला.

वरचा ०.१ व्होल्ट किरकोळ वाटतो, पण तो फार मोलाचा आहे. जाऊन-येऊन ०.१५ ओहम रोध असलेल्या केबलमधून ३ अँपिअर वाहिले, तर ०.४५ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. अडॅप्टर ५ व्होल्टचा असेल तर बोर्डापर्यंत ४.५५ उरतात, आणि कमी व्होल्टेजची सूचना ४.६३ च्या आसपासच येते. या अडॅप्टरची १.२ मीटरची जाड केबल त्यालाच जोडलेली असल्याने निकृष्ट केबलचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र ती तुटली तर सगळा अडॅप्टरच बदलावा लागेल, ही उणीव मला खटकते.

खरेदीपूर्वी 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) ही आज्ञा अवश्य चालवून पाहावी. उत्तर शून्य आले तर व्होल्टेज सुरू केल्यापासून पडलेले नाही. शेवटी ५०००५ आले तर ते या क्षणीही कमी आहे. मात्र ६०० मिलिअँपिअरची मर्यादा या आज्ञेत दिसत नाही, त्यामुळे शून्य पाहून निश्चिंत होऊ नये.

केवळ कीबोर्ड आणि माउस जोडणाऱ्याला ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर पुरेल. याउलट दोन हार्ड डिस्क चालवायच्या असतील, तर १.६ अँपिअरही अपुरे पडू शकतात. तिथे स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हबच घ्यावा.