शिळफाट्याकडचं दगडाचं दुकान, कोटा लादी आणि फिटिंग : तीन स्टार

आधी स्टारचं सांगते म्हणजे घाईवाल्यांनी तेवढं वाचून निघावं. दगडाला पाचपैकी पाच, बसवण्याला चार, घासकामाला साडेतीन आणि धूळ सांभाळण्याला एक, तोही मी मागे लागले म्हणून. ॲव्हरेज तुम्ही काढत बसा, मी तीन दिलेत. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण शिळफाट्याच्या त्या पट्ट्यात अशी बरीच गोडाऊन आहेत आणि मी जे लिहितेय ते जवळपास सगळ्यांनाच लागू होईल, एकट्याला कशाला बदनाम करा.

आमचं घर ठाण्यात वर्तकनगरला, जुनी बिल्डिंग, तळमजला, बाहेर छोटा ओटा. सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रॉब्लेम आहे आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर पाणी सांडलं की त्या भिंत धरूनच चालतात, म्हणून हॉल आणि किचनला कोटा, ओट्याला शहाबादी असं ठरलं. मुलगी म्हणाली आई शाळेच्या व्हरांड्यासारखं दिसेल, तर दिसू दे.

दुकानात माणसं बरी आहेत. शेठ स्वतः आत घेऊन गेले, उभे रचलेले दगड एकेक पुढे ओढून दाखवले, बादलीतलं पाणी मारून ओला रंग दाखवला (हे तुम्ही पण करा, सुका कोटा नुसता राखाडी दिसतो, ओला केला की त्यातला हिरवट-निळा आणि चॉकलेटी कळतो). जाडी एकसारखी नसते हे त्यांनी आधीच सांगितलं, कारण कोटा थराथराने निघतो, छिन्नी घालून पापुद्र्यासारखा सुटा करतात, त्यामुळे एक लादी जाड तर दुसरी बारीक, आणि मशीनवर जाडी सारखी करून घेतलेला माल हवा तर पैसे जास्त. आम्ही साधाच घेतला, मिस्त्रीने खाली मसाला कमीजास्त करून लेव्हल जमवली. भाव ठीक, डिलिव्हरी वेळेवर, टेम्पोत दोन लाद्यांचे कोपरे उडाले ते कुरकुर न करता बदलून दिले. बाथरूमचं ॲसिड या दगडावर चुकूनही मारायचं नाही हेही त्यांनी न विचारता सांगितलं, यासाठी खरंच मार्क द्यायला हवेत, कारण बहुतेक दुकानदार माल विकला की विषय संपला असं करतात.

ॲसिड का नाही, तर कोटा म्हणजे चुनखडी. शहाबादी पण चुनखडी. आणि किचनचा तो काळा कडप्पा, ज्यावर लिंबू आणि कोकमाचे पांढरे डाग पडून राहतात, तो पण चुनखडीच, म्हणून तर आंबट लागलं की खातो. म्हणजे मराठी घरात मार्बल-ग्रॅनाइट यायच्या आधी आपण तिन्हीकडून चुनखडीवरच राहत होतो. शहाबादी येते कर्नाटकातल्या शहाबादहून, मुंबई-चेन्नई लाईनवर सोलापूर, कलबुर्गी सोडलं की पुढे स्टेशन लागतं, कडप्पा आंध्रातून आणि कोटा राजस्थानात रामगंजमंडीच्या बाजूने. आणि लादीखाली जो सिमेंटचा मसाला पसरतात त्याचा कच्चा माल पण परत चुनखडी, ती आपल्याच महाराष्ट्रात चंद्रपूरकडे कोरपना-राजुरा भागात खोदतात, तिथे सिमेंटचे कारखाने त्यासाठीच आहेत. भट्टीत शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते, भट्टीच्या कोळशाचा धूर त्यात धरलेलाच नाही, दगडातूनच निघतो तेवढा. म्हणजे कोळसा बंद करून सोलर लावला तरी हे चव्वेचाळीस राहणारच.

आता मूळ तक्रार. बसवायला मिस्त्री आणि त्यांची दोन मुलं आली, कामाला हात एकदम सफाईचा, पण स्कर्टिंगचे तुकडे आणि दाराजवळचे कोपरे कापायला हॉलमध्येच बसले, हातातलं कटर, पाणी नाही, सुकं. दोन मिनिटांत हॉलमध्ये समोरचं दिसेना. कापणाऱ्या मुलाच्या तोंडाला नुसता रुमाल, भुवया पांढऱ्या, मी बंद करा बंद करा म्हणून ओरडले तर त्याला मशीनच्या आवाजात ऐकूच येईना.

मी स्वतः बरीच वर्षं एक्स-रे विभागात काम केलंय, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितेय, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा.

शुद्ध चुनखडीची धूळ डोळे, नाक, घसा चुरचुरवते, खोकला आणते, दमा असेल तर वाढवते, पण फुफ्फुसं कायमची निकामी करणारी खरी चीज वेगळी, ती म्हणजे दगडातली सिलिका, क्वार्ट्झ. आणि कोटा हा नुसता चुना नाही, सिलिकावाला चुनखडी दगड आहे, म्हणून तर तो इतका टणक आणि टिकाऊ. कापताना त्याची जी सगळ्यात बारीक धूळ होते ती डोळ्यांना दिसत नाही, जी दिसते ती जाड, ती नाकात अडकते, न दिसणारी मात्र खाली फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जाते आणि तिथे व्रण धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. बरा करणारं औषध नाही, काम सोडलं तरी पुढे वाढू शकतो, आणि साधारण दहा-वीस वर्षांनी दिसायला लागतो, म्हणजे पंचविशीचा पोरगा आज अगदी ठणठणीत असतो. त्यावर टीबी होण्याचा धोका वाढतो, आणि एक्स-रेवर दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात, त्यामुळे पेशंटने काम काय करतो हे सांगितलं नाही, आणि विचारणाऱ्यानेही विचारलं नाही, तर टीबीच्या गोळ्या चालू राहतात आणि खरा आजार तसाच. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासात जाणारी ही सिलिका कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. आपल्याकडे खाणी आणि कारखाने दोन्हीकडे सिलिकोसिस कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण माझ्या हॉलमध्ये बसून कापणारा मुलगा ना खाणीत ना कारखान्यात.

चहाला थांबले तेव्हा मिस्त्रींना विचारलं. ते राजस्थानातल्या झालावाडकडचे, म्हणाले ताई आमचा मोठा भाऊ खाणीत होता, आता जिना चढला तरी बसतो, टीबीचा कोर्स दोनदा झाला. सिलिकोसिसचं सर्टिफिकेट काढलं का विचारलं तर म्हणे फॉर्म भरलाय. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र पॉलिसी आणली, डॉक्टरांच्या बोर्डाने तपासून सर्टिफिकेट दिलं की तीन लाख आणि माणूस गेल्यावर घरच्यांना दोन लाख, अशी रक्कम आहे त्यात. तीन लाखात दम परत येत नाही पण निदान आजाराला नाव तरी मिळतं.

रामगंजमंडीच्या बाजूला खाणींचा पसारा केवढा आहे हे गुगल मॅपवर सॅटेलाइट लावून बघा, मी रात्री बघत बसले. कोट्याचा चांगला थर हाताला लागेपर्यंत वरचं सगळं काढून बाजूला टाकावं लागतं, मग कापताना तुटलेलं वेगळं, त्यामुळे खड्ड्यांच्या शेजारी मलब्याच्या टेकड्या उभ्या राहतात. खड्डे भूजलाच्या खाली गेले की पंप लावून पाणी उपसायचं, मग आसपासच्या विहिरींना काय राहणार, आणि खाण सोडून दिली की तेच खड्डे उघडे, पाण्याने भरलेले, ना कुंपण ना काही. पॉलिश कारखान्यांतून पाण्यासोबत पांढरट गाळ निघतो, त्याला स्लरी म्हणतात, तो ओला असेपर्यंत निरुपद्रवी दिसतो, वाळला की पिठासारखा उडतो, आणि शेतात बसला की मातीची छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही.

हे काही नवीन नाही बरं का. मसुरी-डेहराडूनच्या डोंगरात चुनखडीसाठी सुरुंग लावून लावून झरे आटले, दरडी यायला लागल्या, तिथल्या एका संस्थेने १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाला पत्र पाठवलं, कोर्टाने ते याचिका म्हणून घेतलं आणि मार्च १९८५ मध्ये तिथल्या कितीतरी खाणी बंद करायला लावल्या. कोर्टाने निकालात हेही मान्य केलं होतं की बंदीमुळे खाणवाल्यांना त्रास होईल, पण लोकांच्या निरोगी पर्यावरणाच्या हक्कासाठी ती किंमत मोजावी लागेल. आमच्या इथे पण डोंगर कापलेत की, ऐरोली-दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पारसिकच्या रांगेला खाणींनी किती खाल्लंय ते ट्रेनमधून दिसतं, फक्त तो काळा बेसाल्ट, चुनखडी नव्हे, त्याची खडी होते. बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते एवढाच फरक, बाकी क्रशरजवळ राहणाऱ्यांच्या घरात रोज धूळ पुसायचीच.

असो, परत दुकानाकडे. मी शेठना फोन केला की सुकं कापणं बंद, नाहीतर काम थांबवते. आधी ते म्हणाले मॅडम सगळीकडे असंच करतात, मग म्हणाले पाणी मारून कापलं तर वेळ लागतो, मजुरी वाढेल. वाढवा म्हटलं. किती वाढली? एकूण बिलात कळणार पण नाही इतकी. दुसऱ्या दिवशी मोठं कापायचं सगळं गोडाऊनच्या ओल्या मशीनवर कापून आलं, आणि राहिलेलं बाहेर ओट्यावर, एकाने बाटलीने पाण्याची धार धरली आणि दुसऱ्याने कापलं. धूळ जवळपास गायब, नुसता चिखल. हे त्यांना येत होतं, मशीन होतं, फक्त कोणी मागत नव्हतं, आणि याच गोष्टीचा मला जास्त राग आला. एक लक्षात ठेवा, ओलं कापताना करंटचा धोका असतो, घरात तीस मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, साध्या एक्स्टेन्शनवर हे करू देऊ नका.

मास्क मीच आणले, एन-९५, मेडिकलमधून. रुमालाने बारीक धूळ अडत नाही, सर्जिकल मास्कच्या कडेने हवा शिरते. मुलांनी घातले, मिस्त्रींनी गळ्यात लटकवला, दाढी आहे म्हणून तसाही नीट बसला नसता. उकाड्यात दिवसभर तो लावून बसणं सोपं नाही हे मान्य, म्हणून खरा उपाय पाणीच, मास्क नंतर. मिस्त्रींना सरकारच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव आहे का विचारलं, नव्हतं. नाव नोंदवायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, दुकानाने मनात आणलं तर काम दिल्याचा कागद सहज देता येईल, पण शेठनी तो विषय हसून टाळला. त्या हसण्याचा अर्धा स्टार मी कापलाय.

घासकाम पाण्यातच होतं त्यामुळे तिथे धूळ नाही, पण राखाडी गाळ बादल्या बादल्या निघतो आणि तो पठ्ठ्या सरळ बाथरूमच्या जाळीत ओतायला निघाला होता. ओतला की पाइपात बसून घट्ट होतो, मग चोकअप काढणारा वेगळा. गोणीत भरून, वाळवून डेब्रिजसोबत न्यायला लावला. डेब्रिजचा टेम्पो कुठे रिकामा होतो हे विचारून घ्या, खाडीकिनारी तिवरांत रात्री कोण काय टाकतं हे आपण ठाणेकरांना सांगायला नको.

लादी मस्त दिसतेय, आरशासारखं पॉलिश मुद्दाम केलं नाही त्यामुळे घसरत नाही, दुपारी पायाला गार लागते, सासूबाई आता भिंत सोडून चालतात. एका सांध्यात व्हाइट सिमेंट नीट भरलं नव्हतं ते येऊन करून गेले.

आता सोसायटीच्या जिन्याचं काम निघालंय आणि सेक्रेटरी माझ्याकडे यांचंच कोटेशन मागतायत. मी शेठना लिहून द्यायला सांगितलंय की कापणं सगळं गोडाऊनला ओलं, साइटवर सुकं कटर चालणार नाही, मास्क दुकानाचे, आणि स्लरी गोणीतून परत. तीन मुद्दे त्यांनी लगेच मान्य केले, मास्कवर अजून घासाघीस चालू आहे.