नागपूरच्या उन्हाळ्यात पोरांना गुंतवायचं कसं: कॅम्प, पूल, आजोळ की आपलं घरच?

सगळ्यात आधी हे सांगते की नागपुरात मे महिन्यात मुलांना दिवसभर गुंतवायची गरजच नसते, सकाळी ११ ते संध्याकाळी ५:३० एवढंच गुंतवायचं असतं. पहाटे सहाला आणि संध्याकाळी सातनंतर पोट्टे आपापले खेळतातच, गल्लीत, गच्चीवर, कुठंही. मधल्या साडेसहा तासांत मात्र बाहेर ४५ असतं आणि दारंखिडक्या बंद करून कूलरसमोर बसण्याशिवाय काही करता येत नाही. आणि बाजारात मुलांसाठी जे काही विकायला आहे ना, कॅम्प, क्लास, पूल, ते जवळपास सगळं या वेळेच्या आधीचं नाहीतर नंतरचं. म्हणून निवडताना "काय शिकवतात" हे नंतर बघा, आधी घड्याळ बघा.

जे पुण्या-मुंबईकडून बदली होऊन आलेत त्यांच्यासाठी अजून एक, तिकडं शाळा जूनच्या मध्यावर उघडतात पण विदर्भात त्या जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे सुट्टी लांबते आणि त्यात २५ मेच्या आसपास नवतपा लागतो, ते नऊ दिवस सगळ्यात वाईट. २०१३ च्या मे महिन्यात तर इथं ४७.९ नोंदलं गेलं होतं. त्यामुळं तिकडचे प्लॅन इथं जसेच्या तसे चालत नाहीत.

आता समर कॅम्प. मी मुलगी आठची आणि मुलगा पाचचा असताना दोघांना एका कॅम्पला घातलं होतं, १० ते १ ची वेळ, मला ऑफिसच्या दृष्टीनं सोयीची वाटली म्हणून. हॉल टिनाच्या शेडचा होता, दोन कूलर एका टोकाला, आणि सुटायची वेळ दुपारी एक, म्हणजे स्कूटीवर पंचवीस मिनिटं झळा खात घरी. चौथ्या दिवशी लहान्याला उलट्या सुरू झाल्या, डोकं तापलेलं, नुसता पडून राहिला. डॉक्टरांनी ऊन लागलंय सांगितलं, वेळेत आणलंत म्हणाले. मला आजही तो दिवस आठवला की कसंतरी होतं. तेव्हापासून कॅम्पवाल्यांना मी चारच प्रश्न विचारते, सुटतो किती वाजता, वर स्लॅब आहे की टिन, प्यायचं पाणी मुलांच्या हाताला लागेल असं आहे का, आणि खेळ मैदानावर आहे की टर्फवर. हो, टर्फबद्दल खास सांगते, ती हिरवी प्लास्टिकची गवतं खऱ्या गवतापेक्षा खूप जास्त तापतात आणि संध्याकाळी सहालासुद्धा त्यातून वाफ येत असते, पडलं की गुडघा सोलतो तो वेगळाच. चित्रकला, डान्स, मातीकाम, गॅसशिवाय स्वयंपाक हे सगळीकडे सारखंच असतं, त्यावरून ठरवू नका.

त्यापेक्षा सकाळी ६ ते ८:३० चा मैदानी खेळाचा कॅम्प, कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स कुठलाही, मला जास्त पटतो. फी बहुतेक कमी असते, ऊन चढायच्या आत पोरगं घरी आणि जेवण झालं की दुपारी दोन तास गाढ झोपतं, म्हणजे त्या साडेसहा तासांतले दोन तास तिथंच सुटले.

पूल आणि कॅम्प यात निवडायचं असेल तर पूल मुलांना जास्त आवडतो, त्यात वादच नाही, आमची पहाटे साडेपाचला स्वतः उठून बसायची. पण बॅच एक तासाच्या आतबाहेरची असते, त्यामुळं वेळ भरून काढायला पूल नाही, पोहणं यावं म्हणून पूल. पोहणं आलंच पाहिजे या मताची मी आहे, कारण याच सुट्टीत मुलं आजोळी विहिरीत नाहीतर तलावात उतरतात. बघायचं काय तर एका कोचकडे मुलं किती आणि काठावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस आहे की नाही. पाण्यात असलं तरी घाम येतो, फक्त तो कळत नाही, म्हणून आधी आणि नंतर पाणी प्यायला लावा. सकाळी आठनंतरची बॅच घेऊ नका, काठावरच्या फरशीवर पाय भाजतात आणि खांदे काळेठिक्कर पडतात.

आजोळाचं मात्र सरसकट चांगलं किंवा वाईट असं सांगता येत नाही. मामाचं गाव वऱ्हाडातच असेल तर ऊन तेच, वर लाइट जाते, पण वाड्याच्या जाड मातीच्या भिंती, कडुनिंबाखालची बाज, पाडाचे गावरानी आंबे आणि दहा-बारा मामेमावस भावंडं, यांची बरोबरी कुठला कॅम्प करणार सांगा. मुलं एकमेकांतच गुंतून राहतात. पण तिथं आता सत्तरीचे आजी-आजोबाच उरले असतील आणि तुम्ही दोन पोरं महिनाभर सोडणार असाल तर विचार करा, दुपारी आजोबांचा डोळा लागला की विहीर, शेततळं, मोटरची उघडी वायर हे सगळं पोरांना मोकळं असतं. आम्ही आता दहा-बारा दिवसच पाठवतो आणि आमच्यापैकी एक जण सोबत राहतो. आजोळ कोकणात असेल तर पारा दहा-बारा डिग्रीनं खाली असतो पण घामाच्या धारा लागतात, इथल्या कोरड्या हवेच्या पोरांना पहिले चार दिवस घामोळ्यांचा त्रास होतो, एवढं धरून चाला.

आता घर. लोक घरी ठेवणं म्हणजे हाती मोबाइल देणं असंच धरतात, पण घरात आजी असेल तर हाच पर्याय सगळ्यात भारी आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या सासूबाई मे महिन्यात कुरड्या करतात. गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं, ते काम मुलीचं. मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा, आणि पहाटे पाचला तो उकळत्या पाण्यात शिजवून गरम असतानाच गच्चीवर सोऱ्यानं पाडायच्या. गरम चीक दूध-साखर घालून वाटीत मिळतो या एका लालचेवर दोघं पोरं न उठवता उठतात. आठ वाजेपर्यंत गच्ची भरते, मग कावळे-चिमण्या हाकलायची ड्यूटी जिन्याच्या सावलीतून, आणि संध्याकाळी कुरड्या कडक वाळलेल्या. लहान्याला विचारा, चीक रात्रभर का ठेवायचा ते तो नीट सांगतो. कैरीचा टक्कू, पन्हं, शेवया, पापड असे आठ-दहा दिवस जातात सहज.

दुपारी कूलरसमोर कॅरम, अष्टाचंग, पत्ते. पत्ते उडतात म्हणून वर खडे ठेवायचे, आणि कॅरम थोडा लांब ठेवा नाहीतर ओल्या हवेनं पावडर चिकटते. मोबाइल-टीव्ही आम्ही ३ ते ४:३० देतो, कारण तोपर्यंत सगळ्यांचीच ताकद संपलेली असते आणि तेव्हा उगाच ओरडून भांडण्यात मला अर्थ वाटत नाही. कूलरबद्दल मात्र कळकळीनं सांगते, दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात, त्यात लहान मुलं असतात. अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढूनच भरा, आणि हे काम मुलांना मदत म्हणूनसुद्धा सांगू नका.

बाहेर न्यायचंच असेल तर रामन विज्ञान केंद्र आणि तिथलं तारांगण अर्धा दिवस आरामात खातं, अजब बंगला म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय दीड-दोन तास. आणि मेट्रो! एसी आहे, सीताबर्डीला लाइन बदलता येते, खापरीपर्यंत जाऊन परत आलं तरी पोरं खूश, खर्चही फार नाही. पण निघायचं दहाच्या आत आणि परत यायचं पाचनंतर, नाहीतर स्टेशनवरून घरी येताना सगळं मुसळ केरात. गाडीत मुलांना "दोन मिनिटात येते" म्हणूनही सोडू नका. चिखलदरा छान आहे, उंची हजार मीटरच्या वर, रात्री गार वाटतं, पण ते तीन दिवसांचं काम आणि मे महिन्यात खोल्या मिळायला मारामार, दोन महिन्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

तर ठरवायचं कसं, दुपारी घरी मोठं माणूस असेल तर सकाळचा खेळ किंवा पूल यातलं एकच आणि बाकी घर, उगाच तीन-तीन ठिकाणी पैसे भरू नका. दुपारी घरी कुणीच नसेल तर मात्र कॅम्पनं भागत नाही, मग पाळणाघर बघा, स्लॅबचं, कूलर-एसीवालं, आणि सकाळीच सोडून संध्याकाळी आणता येईल असं, मधे ने-आण नको. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी कॅम्प सरळ रद्द करेन, लहान मुलांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि तहान लागली हे खेळात सांगत नाहीत. ओआरएसची पुडी घरात ठेवा आणि मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्धी ग्लासात टाकू नका. मूल बडबडायला लागलं, गुंगलं आणि अंग चटका बसेल एवढं तापलं तर ओल्या कपड्यानं पुसत लगेच दवाखाना, १०८ लावा.

यंदा आम्ही आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून एक केलंय. आठवड्याचे सहा दिवस, प्रत्येक घराकडे दोन दुपारी, ज्या घरची पाळी त्या घरी सहाही पोट्टे साडेदहाला येतात, डबा आपापला, कूलर त्यांचा, आणि त्या दिवशी त्या घरचा एक मोठा माणूस घरीच. मला त्यासाठी आठवड्यातून एक दिवस घरून काम मागावं लागलं, दुसऱ्या दुपारी सासूबाई असतात. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली, आता त्यांनीच अष्टाचंगची स्पर्धा लावलीय आणि तिचा तक्ता आमच्या फ्रिजवर चिकटवलाय.